छोटी गिटार घ्यायचीय, मला, लेकीला आणि एसटीतून न्यायला

पऱ्ह्याकाठची:

नमस्कार मंडळी. माझं वय ४१, आरोग्य खात्यात नोकरी, सोमवार ते शुक्रवार चिपळूणला भाड्याच्या खोलीवर असते आणि शुक्रवारी संध्याकाळच्या एसटीने देवरुखला घरी. लेक ९ वर्षांची, चौथीत आहे. कॉलेजात असल्यापासून गिटार शिकायची इच्छा होती, ती आत्ता कुठे मनावर घेतली. मागच्या दिवाळीत ऑनलाइन ३८ इंची गिटार मागवली, ३८ म्हणजे छोटीच असणार असं समजून. त्याच्यासोबत बॅग, पट्टा, तार छेडायची पिकं, जास्तीच्या तारा सगळं आलं, बघून आनंद झाला. पण वाजवायला बसल्यावर पहिल्या आठवड्यातच बोटांची टोकं सोलली. सगळे म्हणाले हे होतंच, बोटं घट्ट होतील, म्हणून तीन आठवडे रोज अर्धा तास नेटाने बसले. बोटं घट्ट झाली पण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, काही स्वच्छ वाजेना. सी धरला की दुसरी तार मुकी, एफ तर सोडूनच द्या. जुलैत पाऊस लागल्यावर तारा अजून वर आल्यासारख्या वाटायला लागल्या आणि मी तिला कपाटावर ठेवून दिली.

आता लेक म्हणतेय तिलाही शिकायचंय. तिचा हात तर त्या गिटारच्या मानेवरच्या पहिल्या आडव्या पट्टीपर्यंत, म्हणजे पडद्यापर्यंत, पोचतच नाही, खांदा पार ताणला जातो. माझी उंची ५ फूट १, माझाही उजवा हात त्या डब्यावरून खाली यायला अवघडतो.

तर विचारायचंय ते असं. छोटी गिटार, म्हणजे थ्री-फोर्थ म्हणतात ती, घेतली तर आम्हा दोघींना चालेल का, की ती मुलांची खेळणीच असतात? शेजारचा मुलगा म्हणतो आहे त्याच गिटारला नायलॉनच्या तारा लाव, बोटं दुखणार नाहीत, ते बरोबर आहे का? आणि दर आठवड्याला एसटीतून नेली तर टिकेल का? बजेट बारा-पंधरा हजार, फार तर थोडं वर. मला अभंग आणि भावगीतं म्हणता म्हणता साथीला कॉर्ड वाजवायच्या आहेत, यापेक्षा जास्त काही नको.

कारवी:

ताई, प्रवासाचं म्हणाल तर मी चार वर्षं यामाहाची गिटालेले, जीएल१, घेऊन फिरतोय. तारा सहा, नायलॉनच्या, तारेची लांबी ४३३ मिलिमीटर म्हणजे उकुलेले या छोट्या चार तारी वाद्याच्या जवळची. सॅकला बाहेरून बांधली की राजमाचीला जाऊन येते, वजन जाणवत नाही. मोठी गिटार एकदा नेली होती, उतरताना कारवीच्या जंगलात बॅगेचं तोंड दर दहा पावलांवर अडकायचं, त्यानंतर नाही नेली. नायलॉनमुळे बोटांना त्रास शून्य. लेकीला तर एकदम फिट.

सहावीतार:

ताई, मी पुण्यात १६ वर्षं गिटार शिकवतो, विद्यार्थी ७ वर्षांपासून ६८ वर्षांपर्यंतचे. तुमची पोस्ट वाचून वाईट वाटलं कारण हे मी दर दिवाळीनंतर बघतो, चांगली शिकणारी माणसं खराब लागलेल्या गिटारमुळे सोडून देतात आणि स्वतःलाच दोष देतात. तुमच्या बोटांत काही कमी नाही. जरा लांब लिहितोय, सावकाश वाचा.

पहिलं, तो ३८ इंच आकडा. तो डोक्यापासून बुडापर्यंत पूर्ण गिटारच्या लांबीचा असतो. हाताला जे लागतं ते वेगळं, तारेची वाजणारी लांबी, तिला स्केल म्हणतात. वरच्या पांढऱ्या पट्टीपासून, म्हणजे नटपासून, बाराव्या पडद्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा, ते तुमचं स्केल. मोठ्या गिटारचं ६४८ मिलिमीटरच्या आसपास असतं, यामाहाच्या एफएस८०० सारख्यांचं ६३४. बेबी टेलरचं ५७८, लिटल मार्टिनचं ५८४, यामाहा जेआर१ जेआर२ चं ५४०. हा आकडा कमी झाला की दोन गोष्टी होतात, पडदे जवळ येतात आणि त्याच तारा त्याच सुरात लावूनही ताण कमी लागतो. ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो म्हणून फरक दिसतो त्यापेक्षा मोठा असतो, ६४८ वरून ५७८ वर आलात की ताण साधारण २० टक्के उतरतो, ५४० वर आलात की ३० टक्के. बोटाला हे पहिल्या मिनिटात कळतं.

दुसरं, खेळणं का. अजिबात नाही. आज आपण जिला नॉर्मल गिटार म्हणतो ती रुंद डब्याची ड्रेडनॉट, ती मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये बॉस्टनच्या डिटसन दुकानासाठी बनवली आणि नाव दिलं ब्रिटिशांच्या १९०६ च्या युद्धनौकेचं, कारण त्या काळच्या मानाने ती अवाढव्य होती. त्याआधी दिवाणखान्यात लोक वाजवायचे त्या सगळ्या लहान अंगाच्याच गिटारी. क्रिस हॅडफिल्ड हा कॅनडाचा अंतराळवीर २०१३ मध्ये अंतराळ स्थानकात जी वाजवत होता ती लारिव्हेची पार्लर, म्हणजे छोटीच. आवाज कमी भरतो, खर्जात गोलाई कमी येते, हे मान्य. पण तुम्हाला गाण्याखाली साथ हवीय, तिथे छोट्या गिटारचा मधला सूर गळ्याला फार छान बसतो, आवाजावर चढत नाही.

तिसरं, नायलॉन. शेजारच्या मुलाचं मन चांगलं आहे पण तसं करू नका. स्टीलसाठी बांधलेल्या गिटारची वरची फळी आणि आतल्या पट्ट्या जास्त ताणासाठी असतात, नायलॉनचा ताण फार कमी, फळी हलतच नाही, आवाज डब्यात कोंडल्यासारखा येतो. उलटं तर मुळीच नको, नायलॉनच्या क्लासिकलवर स्टील लावली तर ब्रिज, म्हणजे तारा खाली अडकवलेली पट्टी, उपसून येतो, माझ्याकडे अशा दोन गिटारी आल्यात. नायलॉन हवीच असेल तर मुळात त्यासाठी बनवलेली घ्यावी, लेकीला यामाहाची सीएस४० चालेल, ५८० स्केल. फक्त क्लासिकलची मान रुंद असते, मोठीची नटपाशी ५२ मिलिमीटर, स्टीलवालीची ४३. लहान हाताला ती रुंदी जाचते, हे दुकानात कोणी सांगत नाही.

कारवीदादा, गिटालेले मलाही आवडते पण नवशिक्याला एक अडचण आहे, ती गिटारपेक्षा पाच पडद्यांइतकी वर लागते, ए डी जी सी ई ए अशी. तुम्ही जी चा आकार धरता आणि वाजतो सी. ज्याला गिटार येते त्याला मजा येते, जो ऑनलाइन बघून शिकतोय त्याचा समोरच्या व्हिडिओशी एकही सूर जुळत नाही.

आता मुख्य. खरेदीच्या आधी हे करा ताई, खर्च तीनेकशे रुपये. एक कॅपो घ्या, म्हणजे मानेवर लावून सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. कपाटावरची गिटार खाली काढा, सगळ्या तारा दोन सेमीटोन, म्हणजे दोन पडद्यांइतक्या, खाली उतरवा, म्हणजे ई ची डी, ए ची जी, अशा, मोबाइलवर ट्यूनर ॲप असेलच. मग दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावा. सूर पुन्हा नेहमीचेच येतील पण तुमच्या हाताखाली आता छोट्या स्केलची गिटार आहे, ताणही अगदी तेवढाच. ६४८ च्या गिटारवर दुसऱ्या पडद्यावर कॅपो म्हणजे ५७७, जवळजवळ बेबी टेलर. तीन सेमीटोन उतरवून तिसऱ्यावर लावलात तर ५४५, म्हणजे जेआर. आठवडाभर असं वाजवून बघा आणि लेकीलाही द्या. डब्याचा आकार कळणार नाही पण डावा हात काय म्हणतो ते कळेल. शिवाय नटपाशी तारा उंच असतील तर तोही त्रास कॅपो खाऊन टाकतो, त्यामुळे पहिल्यांदाच तुम्हाला सी स्वच्छ वाजलेला ऐकू येईल असं मला वाटतं.

आणि लेकीच्या कंपासपेटीतली स्टीलची पट्टी घेऊन, कॅपो काढून, गिटार नेहमीच्या सुरात असताना बाराव्या पडद्याच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंत किती मिलिमीटर आहे ते मोजून इथे लिहा. जाड तारेचं आणि बारीक तारेचं वेगवेगळं. पट्टीवर शून्य कडेपासून सुरू होतं ना ते बघा, काही पट्ट्यांना पुढे कोरी जागा असते.

कारवी:

सर, पाच पडदे वर हे मला माहीत होतं पण नवशिक्याच्या बाजूने कधी विचार नव्हता केला. बरोबर आहे. ताई मग मी माझी सूचना फक्त लेकीपुरती ठेवतो, तीही ती मजेत वाजवणार असेल तर.

पऱ्ह्याकाठची:

सर, किती मनापासून लिहिलंत, तीनदा वाचलं. कॅपो चिपळूणलाच मिळाला. काल रात्री मोजलं. नटपासून बाराव्या पडद्यापर्यंत ३१.५ सेंटिमीटर, म्हणजे स्केल ६३०. जाड तारेची उंची साडेचार मिलिमीटर, बारीक तारेची साडेतीन.

आणि कॅपो लावून बघितलं दुसऱ्यावर. सी वाजला. पाचही तारा. रात्रीचे साडेदहा वाजले होते, खोलीत एकटीच होते, मी पाच-सहा वेळा तोच एक कॉर्ड वाजवत राहिले. मग जी, मग परत सी. एवढे महिने मला वाटत होतं माझ्यातच काहीतरी कमी आहे.

तर ही गिटार दुरुस्त होईल का? म्हणजे नवीन घ्यायचीच असेल तर लेकीला ही देता येईल.

मिरजमळा:

ताई, मी मिरजेचा. आमच्याकडे सतारी-तंबोऱ्यांचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं, २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. मी त्या कामातला नाही पण लहानपणापासून त्या गल्लीत जाणं-येणं आहे आणि माझ्या गिटारची कामं मी स्वतःच करायला शिकलोय, तर माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो, सर चुकलं तर दुरुस्त करतील.

साडेचार म्हणजे खूपच. जाड तारेला अडीच आणि बारीक तारेला दोनच्या आसपास हवं. आता ते कमी करायच्या जागा तीन. आपल्या तंबोऱ्याला जशी घोडी तशी गिटारला ब्रिज, त्यात जी पांढरी उभी पट्टी बसवलेली असते ती सॅडल, ती खालून घासून कमी करता येते. पण हिशोब असा की बाराव्या पडद्यावर १ मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल २ मिलिमीटर घासावं लागतं, कारण बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तुम्हाला उतरवायचेत २, म्हणजे घासायचं ४. तुमची पट्टी ब्रिजच्या वर किती दिसते बघा, ३ मिलिमीटर असली तरी जास्त. म्हणजे नुसत्या घासण्याने नाही होणार.

म्हणून आधी मान बघा. जाड तार पहिल्या पडद्यावर डाव्या हाताने आणि चौदाव्यावर उजव्या हाताने दाबून धरा, तार ताठ सरळ रेघ होते, आणि सातव्या पडद्यावर तार आणि पडदा यात फट किती ते कोणाला तरी बघायला सांगा. तिथे एखादं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जावं. एटीएम कार्ड सहज आत जात असेल तर मान तारांच्या ताणाने पुढे वाकलीय. मानेच्या आत ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ ठेवणारी कांब, असेल, साउंडहोलच्या, म्हणजे डब्यावरच्या गोल भोकाच्या, आत मानेच्या टोकाशी किंवा डोक्यावर छोट्या झाकणाखाली पान्याचं भोक दिसेल, तर तो पाव फेरा पाव फेरा आवळून मान सरळ होते. अर्ध्या फेऱ्याच्या वर जायचं नाही, अडला तर सोडायचं. रॉडच नसेल तर मात्र काही करता येत नाही.

एक गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगतो. तंबोऱ्याला कारागीर दिवसदिवस घोडीचा माथा घासून जवारी काढतात, तार घोडीच्या अंगावर हलकी घासत वाजावी म्हणून, तिथे तो झणकारच सगळं काही असतो. गिटारला सॅडलचा माथा इतका टोकदार ठेवतात की तार एकाच बिंदूवर टेकावी, तिथे झणकार आला की काम बिघडलं. त्यामुळे गिटारचं सॅडल घासायचं झालं तरी खालून घासायचं, माथ्याला पॉलिश पेपर लावायचा नाही.

पऱ्ह्याकाठची:

दादा, एटीएम कार्ड गेलं, आणि सहज गेलं. भोक कुठेच नाही, ना आत ना डोक्यावर, टॉर्च लावून बघितलं. सॅडल वर अडीच मिलिमीटर दिसतं.

मिरजमळा:

मग तिच्यावर पैसे घालू नका ताई. लेकीलाही देऊ नका, तिची पहिली गिटार अशी नको. सूर उतरवून आणि कॅपो लावून नवीन येईपर्यंत तुम्हीच वाजवा, उतरवल्याने मानेवरचा ताणही कमी राहील.

मांडवीतीर:

गोव्यातून लिहितोय. इथे घराघरांत गिटार असते आणि घराघरांत तिची हवेने वाट लागलेली असते, म्हणून पावसाबद्दल मी सांगतो. ताई तुमच्या तारा जुलैत वर आल्या तो भास नव्हता. लाकूड दमट हवेतलं पाणी पितं, वरची फळी ब्रिजमागे फुगते, ब्रिज वर उचलला जातो, तारा उंच होतात. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा कायम ८० च्या वर. कोकणात आणि गोव्यात म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पहिली गिटार सॉलिड टॉपची, म्हणजे अखंड लाकडाच्या फळीची, घेऊ नये. प्लायची फळी, लॅमिनेट म्हणतात ती, आवाजाला थोडी कमी पण थर उलटसुलट चिकटवलेले असल्यामुळे फुगणं आकसणं खूप कमी. लिटल मार्टिनमध्ये तर एचपीएल वापरतात, स्वयंपाकघराच्या ओट्याखालच्या कपाटाला सनमायका लावतो ना त्याच्याच जातीचं. हल्ली कार्बन फायबर आणि पॉलिकार्बोनेटच्याही येतात, एन्याची नोव्हा गो वगैरे, त्यांना पाऊस माहीतच नाही, मी मित्राची वाजवलीय, आवाज जरा चकचकीत वाटला मला पण पावसाळ्यात ती जशीच्या तशी होती आणि माझी नव्हती.

रोजचं काय करायचं ते: भिंतीला टांगू नका, आपल्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात. बॅगेत ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या, निळे मणी गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतले की परत निळे. वाजवून झालं की जुन्या बनियनच्या कपड्याने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसा. समुद्राजवळ न पुसलेल्या तारा माझ्याकडे पंधरा दिवसांत काळ्या पडतात. आणि उन्हात उभ्या गाडीत कधीच ठेवायची नाही, गोंद सैल होऊन ब्रिज सुटतो.

बर्फातला_सांगलीकर:

मांडवीतीर यांच्या उलट बाजूने दोन ओळी. मी टोरोंटोत आहे, इथे हिवाळ्यात घरात हीटर चालतो आणि हवा २०-२५ टक्क्यांवर येते. मी सांगलीहून आणलेल्या गिटारची मान इतकी आकसली की पडद्यांची टोकं कडेने बाहेर आली, हात फिरवला की करवतीसारखी लागायची. तर दुकानात गेल्यावर मानेच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवून बघाच, टोकं टोचत असतील तर ती गिटार कुठेतरी कोरडी पडलेली आहे किंवा फिनिशिंग घाईत केलंय. शो-रूमच्या एसीत महिनोन्‌महिने टांगलेल्या गिटारांचंही हे होतं.

सहावीतार:

सगळ्यांनी फार मोलाचं लिहिलंय. मी फक्त खरेदीपुरतं बोलतो.

ताई तुम्ही कॅपो लावून सहज वाजवलंत म्हणजे ५६० च्या आसपासचं स्केल तुमच्या हाताला मानवतं हे कळलं. लेकीला तिसऱ्या पडद्यावर लावून द्या, तुमच्या गिटारवर ते ५३० होतं. तिची उंची साधारण १३० असेल तर तिला ते पुरेल आणि बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत चालेल. दोघींत एक घ्यायची तर माझं मत जेआर२ ला. नटपाशी ४३ मिलिमीटरच आहे, मोठ्या गिटारएवढंच, म्हणजे तुमची मोठी बोटं एकमेकांवर चढत नाहीत, आणि अंग लहान असल्याने लेकीचा उजवा हात खाली येतो. बेबी टेलरची मापं तुमच्यासाठी जास्त बरोबर आहेत पण किंमत बजेटच्या पार बाहेर. एकट्या तुमच्यासाठी आणि घरीच ठेवायची असती तर मी एफएस८०० सांगितली असती, डबा ड्रेडनॉटपेक्षा बारीक, आवाज पूर्ण. हो, तिचा टॉप सॉलिड आहे, मांडवीतीर म्हणतात ते लक्षात ठेवून.

ऑनलाइन मागवू नका, हातात घेऊन घ्या. मुंबईला जाणं होत असेल तर धोबी तलावला फुर्टाडोज आहे, १८६५ पासूनचं दुकान, आजूबाजूला अजूनही दुकानं आहेत. जाताना कंपासपेटीतली पट्टी न्या. लाजायचं नाही, मी आजही नेतो. एकाच मॉडेलच्या दोन गिटारी असतील तर दोन्ही काढायला सांगा, कारण कारखान्यातून एकसारख्या येत नाहीत. प्रत्येक तारेवर बाराव्या पडद्यापर्यंतचा प्रत्येक पडदा दाबून वाजवा, ७०-८० सूर होतात, पाच मिनिटं लागतात, कुठे झणझणतं का ऐका. मग तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मध्ये दाबा आणि पहिल्या पडद्यावरची फट बघा, कागदाएवढी असावी, जास्त असेल तर नटच्या खाचा खोल करून द्यायला सांगा, नवशिक्याची बोटं मुख्यतः इथेच सोलतात. शेवटी बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून हार्मोनिक वाजवा, मग दाबून वाजवा, ट्यूनरवर दोन्ही एकच सूर दाखवायला हवेत. लहान स्केलवर यात थोडाफार फरक पडतोच, काटा किंचित हलला तर चालेल, अर्ध्या सुराच्या दिशेने पळत असेल तर नको.

एसटीबद्दल. वरच्या जाळीत ठेवू नका, कशेडी घाटात लोकांच्या बॅगा घसरतात त्या मी बघितल्यात. खिडकीची जागा घेऊन गुडघ्यांच्या मध्ये उभी धरा, डोकं वर. निघताना तारा एक-दोन सेमीटोन उतरवल्या तर बरं. बॅग १० मिलिमीटर फोमची घ्या, सोबत मिळणारी पातळ असेल तर वेगळे पैसे घालून घ्या, त्या पैशाचा कधी पश्चात्ताप होत नाही.

पऱ्ह्याकाठची:

तीन आठवड्यांनी लिहितेय. मागच्या आठवड्यात ट्रेनिंगसाठी मुंबईला जाणं झालं, लेकीला आणि तिच्या आत्याला बरोबर घेतलं आणि धोबी तलावला जाऊन आले. पट्टी नेली होती. आधी हात आखडला पण काउंटरवरच्या दादांनी पट्टी बघितली आणि स्वतःच म्हणाले, मोजा मोजा, आणि अजून एक गिटार आतून काढून आणली.

एफएस८०० मांडीवर घेतली तेव्हा खरंच मन डळमळलं. एक जी वाजवला आणि आवाज पोटात जाणवला. पण लेकीला दिली तर तिची हनुवटी डब्याच्या कडेवर आणि पहिला पडदा परत लांब. मग जेआर२. दोन होत्या, एकीच्या तिसऱ्या तारेवर नवव्या पडद्याला झणझणत होतं, दुसरी स्वच्छ. जाड तारेला पावणेतीन मिलिमीटर भरलं. नटचं सांगितलं तसं बघितलं, पहिल्या तारेची खाच उथळ होती, त्यांनी तिथेच बारीक कानस काढून चार-पाच वेळा ओढली, फुंकर मारली, तार परत बसवली आणि माझ्या हातात दिली. एवढ्याशा कामाने एफ निम्मा सोपा झाला. बजेटच्या थोडं वर गेलं, बॅग वेगळी घेतली म्हणून, पण जाऊ दे.

येताना रातराणी मिळाली. मी गुडघ्यांत गिटार धरून, लेक माझ्या खांद्यावर झोपलेली. कशेडीला जाग आली तेव्हा बघितलं तर तिचा हात झोपेतच बॅगेच्या मानेवर होता.

आता आठवड्याचे पाच दिवस गिटार माझ्याकडे आणि शनिवार-रविवार तिच्याकडे असं ठरलंय. मी रोज रात्री जी, सी, डी आणि ई मायनर. ती ई मायनर आणि डी करते, जी तीन बोटांनी सोपा करून. परवा मी अभंग म्हटला आणि तिने दोनच कॉर्डवर धरलं, सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसल्या.

एक शेवटचं विचारते सर. तारा बदलायची वेळ येईल तेव्हा कुठल्या घ्यायच्या? दुकानात म्हणाले नवशिक्यांना दहा गेज, म्हणजे बारीक जाडीच्या, देतात, मऊ असतात.

सहावीतार:

मोठ्या गिटारला ते बरोबर आहे ताई, जेआरला बारा घ्या. स्केल लहान असल्याने ताण आधीच ३० टक्के उतरलेला आहे, तिच्यावर बारा गेज बोटाला मोठ्या गिटारवरच्या दहासारखीच वाटते. दहा लावलीत तर जाड ई फडफडेल, पडद्यावर आपटेल आणि जरा जोरात दाबलं की सूर वर चढेल. चिपळूणची हवा बघता कोटेड, म्हणजे लेप दिलेल्या, तारा परवडत असतील तर त्या, नसतील तर साध्या ब्राँझ आणि मांडवीतीर म्हणाले ते बनियन.

आणि लेकीला तो तीन बोटांचा जी तसाच वाजवू दे, घाई करू नका. चौथं बोट तिचं ती आणेल.

मांडवीतीर:

सासूबाई बाहेर येऊन बसल्या हे वाचून फार बरं वाटलं. जूनच्या आधी सिलिका जेल आणून ठेवा ताई, पाऊस लागला की दुकानातलं संपतं.